टेबलवर बघू

गोरेगाव पश्चिमेला लिंक रोडच्या पलीकडे समुद्र आहे, हे फक्त दलालांना माहीत आहे. आपल्याला दिसते ती खारफुटी. तिच्यामागे चिखल, चिखलामागे मालाडची खाडी आणि त्याही पलीकडे, हवा स्वच्छ असेल आणि समोरचा टॉवर अजून चौदाव्या मजल्यावर रेंगाळत असेल तर, समुद्राचा नुसता संशय यावा एवढी चमक. त्या चमकेचे चौरस फुटामागे वेगळे पैसे पडतात. "सी व्ह्यू आहे, काका," म्हणत दलाल आपल्याला बाथरूममध्ये नेतो, कमोडवर उभं राहायला सांगतो आणि आपण, पदवीधर, प्रॉव्हिडंट फंड असलेली माणसं, निमूट उभे राहतो.

गोरेगावकराचं दलालशास्त्राचं शिक्षण या खिडकीपासून सुरू होतं. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणजे रिक्षाने, रविवारी, पहाटे. डिसेंबर २०१६ मध्ये राम मंदिर स्टेशन सुरू झालं तेव्हापासून तर 'कुठल्या स्टेशनपासून' हेही विचारून घ्यावं लागतं. 'ओनर यूएसला असतो' म्हणजे ओनर नालासोपाऱ्याला असतो आणि त्याच्या भावाने अजून सही दिलेली नाही. 'पार्टी जेन्युइन पाहिजे' म्हणजे तुमच्याकडे रोख किती आहे ते बोला. आणि या सगळ्यावरचा मंत्र म्हणजे 'टेबलवर बघू'. किंमत जास्त वाटते? टेबलवर बघू. पार्किंगचं काय? टेबलवर बघू. भिंतीला ओल आहे का हो? तीही टेबलवरच. हे टेबल कुठे असतं, त्याच्यावर नेमकं काय बघायचं असतं, हे कुणी सांगत नाही. तिथे पोहोचेपर्यंत टोकन गेलेलं असतं.

सरकारने २०१७ मध्ये महारेरा आणलं आणि २०२३ मध्ये दलालांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायला लावली. आमच्या ओळखीचे एक दलाल ती परीक्षा पास झाले आणि त्यांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. अर्धा किलोचा बॉक्स म्हणाले होते. कार्पेट तीनशे ग्रॅम भरला.

एवढं पचवलेल्या माणसाला वाटायला लागतं, की आता कुठल्याही बाजारात आपल्याला कुणी गुंडाळू शकत नाही. आमच्या भावजींना असंच वाटलं, आणि त्यांनी बोट घ्यायचं ठरवलं.

भावजी मूळचे वेंगुर्ल्याचे. बँकेतून निवृत्त झालेले, राहायला बांगूर नगरच्या बाजूला, आणि शिवाय आईच्या वेळची जवाहर नगरातली एक जागा कुलूप लावून ठेवलेली. लहानपणी ते भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणबोटीने गावाला गेलेले. बंदरात धक्का नसे, त्यामुळे बोट लांब उभी राही आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या असं सगळं पडावात उतरवलं जाई. या प्रवासात भावजी पूर्ण वेळ ओकत होते असं त्यांच्या मोठ्या बहिणीकडून कळतं, पण त्यांच्या स्वतःच्या आठवणीत तो प्रवास म्हणजे चांदणं, गार वारा आणि खलाशाने दिलेली भाकरी. निवृत्तीनंतर त्या भाकरीने उचल खाल्ली. "मुंबई-गोवा रस्त्याचं काम २०११ पासून चाललंय," ते म्हणाले. "समुद्र निदान पूर्ण झालेला आहे."

गोरेगावात पाण्याचा विषय निघाला की मृणालताई गोरे आठवतात. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांनी मोर्चे काढून कमावलं. त्यांना पाणी नळाला हवं होतं. भावजींना ते पायाखाली हवं होतं, तेही पेन्शनीत.

आमच्या ताईचा, म्हणजे भावजींच्या बायकोचा, प्रश्न एकच होता. "ठेवणार कुठे?" भावजींनी तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये नेला. तिथे चेअरमननी उपविधी उघडले. दुचाकी होती, चारचाकी होती, पाहुण्यांची गाडी होती. "चाकं किती?" त्यांनी विचारलं. भावजी म्हणाले, चाकं नसतात. "मग पार्किंग चार्ज कुठल्या दराने लावायचा?" यावर बरीच चर्चा झाली. एक सभासद म्हणाले, चाकं नसलेली वस्तू म्हणजे फर्निचर, ती जिन्यात ठेवता येणार नाही, फायर ऑडिटवाले ऐकणार नाहीत. विषय पुढच्या मीटिंगवर गेला. तो अजून तिथेच आहे.

आता बोट घ्यायची म्हणजे जायचं कुणाकडे? गोरेगावकराला या प्रश्नाचं उत्तर सुचण्याआधीच पेढेवाले दलाल खाली गेटपाशी उभे होते. बोटीचं काम आपण करतो का, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "वेस्ट की ईस्ट?"

"अहो, समुद्र वेस्टलाच असतो," भावजी म्हणाले.

"असं नसतं, काका. वेसावे, मढ, मार्वे वेस्टला. पण भाऊचा धक्का, दारूखाना ईस्टला येतो. तिथे रेट कमी आहे. बजेट सांगा. केबिनवाली पाहिजे की ओपन? रेडी पजेशन की अंडर कन्स्ट्रक्शन?"

मला त्या माणसाचं मनापासून कौतुक वाटलं. आयुष्यात कधी पाण्यात पाय न घातलेल्या माणसाने संपूर्ण पश्चिम किनारपट्टीची एका मिनिटात विंग ए आणि विंग बी केली.

सुरुवात ईस्टने झाली. दारूखाना म्हणजे रे रोडच्या बाजूचा, जुनी जहाजं तोडायचा भाग. तोडलेल्या जहाजांमधून निघालेलं जे काही असेल ते तिथे मिळतं: दोरखंड, नांगर, गोल खिडक्या, बंब, खलाशांच्या खुर्च्या. आणि लाइफबोटी. नारिंगी रंगाच्या, फायबरच्या, वरून बंद. विक्रेता लोखंडात आयुष्य गेलेला गृहस्थ. त्याने बोटीवर हाताची थाप मारली आणि मी आजवर ऐकलेल्या जाहिरातींतलं सर्वांत चोख वाक्य म्हटलं: "साहेब, जहाज कधी बुडालं नाही. म्हणजे बोट वापरलीच नाही. नवी कोरी."

यात खोट काढणं कठीण होतं. भावजींनी इंजिन विचारलं. ते होतं, पण बोटीत नव्हतं, बाजूला पडलेलं होतं आणि त्याचा भाव किलोवर होता. "चालतं का?" "चालायचा वेगळा रेट आहे." मग भावजी आत शिरले. आत खिडक्या टीचभर, दोन्ही बाजूंना बाकं, पट्टे, आणि पन्नासएक माणसांनी एकमेकांच्या मांडीवर बसून मरणाची वाट पाहावी अशी रचना. गणपतीला गावी जायची कल्पना त्या बाकावर बसून करून पाहिली आणि भावजी घाम पुसत बाहेर आले. विक्रेता म्हणाला, लवकर ठरवा, अलिबागची एक पार्टी उद्या सकाळी अकराला येते आहे.

या अलिबागच्या पार्टीची ही पहिली भेट. भेट म्हणजे अर्थातच झाली नाही.

फिल्मसिटीचं प्रकरण थोडक्यात उरकतो, कारण ते थोडक्यातच उरकलं. दलाल म्हणाले, एवढं लांब कशाला जाता, गोरेगावातच आहे की. १९७७ पासून चित्रनगरीत राजवाडे, कोर्ट, पोलीस ठाणी, देवळं असं सगळं उभं राहतं आणि पाडलं जातं; एका मालिकेच्या सेटवरची बोट निघाली होती. सुंदर बोट. डौलदार नाळ, नक्षी, शिडाला भोकं मुद्दाम पाडलेली. आम्ही तिला वळसा घालून पलीकडे गेलो, तर पलीकडे बोट नव्हती. प्लायवुड, खिळे आणि टेकू होते. सेटचा माल विकणारा माणूस अजिबात ओशाळला नाही. "दुसरी बाजू कॅमेऱ्याला दिसत नव्हती ना," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, की तुम्हाला लोक कुठल्या बाजूने बघणार आहेत. इथेही ती अलिबागची पार्टी येऊन गेली होती.

मग मांडवा. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली तेव्हापासून गाडीसकट समुद्र ओलांडता येतो, आणि पलीकडे शनिवार-रविवारचे बंगले असलेली माणसं राहतात. तिथला दलाल स्वतःला दलाल म्हणवत नव्हता. तो 'यॉट कन्सल्टंट' होता, पांढरे बूट घालत होता आणि किंमत विचारली की समुद्राकडे बघत होता. त्याने भावजींना विचारलं, की तुम्ही बोटीकडे नेमकं कसं बघता? भावजी म्हणाले, चष्मा लावून. पुढचा पाऊण तास त्यांच्यात फारसं काही घडलं नाही.

बोट पांढरीशुभ्र होती. एकच मालक, डॉक्टर, फक्त रविवारी वापरलेली. हे डॉक्टर मी ओळखतो. माझी पहिली स्कूटर त्यांचीच होती, शेजाऱ्यांची जुनी मारुती त्यांचीच, चुलतभावाचा फ्रीजसुद्धा त्यांनी फक्त रविवारी वापरला होता. या देशात डॉक्टरांनी जेवढ्या जुन्या वस्तू वापरून विकल्या आहेत तेवढ्या खरंच वापरल्या असत्या तर दवाखान्यात बसायला त्यांना वेळ मिळाला नसता. इंजिनाचे तास मोजणारं मीटर फार थोडे तास दाखवत होतं, मात्र सुकाणूच्या चाकावरचं कातडं पार झिजून आतली पट्टी दिसत होती. "डॉक्टरांचा हात घट्ट," कन्सल्टंट म्हणाला.

किंमत ऐकल्यावर भावजींनी नवीच घेतली तर, असं विचारून पाहिलं. तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर प्रथमच खरं हसू आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या बोटींवर जीएसटी चाळीस टक्के आहे, त्याआधी अठ्ठावीस होता. त्याच चाळीस टक्क्यांच्या यादीत रिव्हॉल्व्हर आणि धूम्रपानाचे पाइप आहेत. म्हणजे सरकारच्या मते सकाळच्या उन्हात होडीत बसून चहा पिणारा माणूस रिव्हॉल्व्हरवाल्याच्या शेजारी बसवण्याच्या लायकीचा आहे. तीच बोट मासेमारीची असेल तर कर पाच टक्के. हे कळताच आमचे पेढेवाले, जे सोबत आले होते आणि इतका वेळ पांढऱ्या बुटांपुढे दबून गप्प होते, त्यांनी भावजींना बाजूला घेतलं. "काका, सोपं आहे. एक जाळं ठेवा. मच्छीमार व्हा."

भावजी सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी मासे खात नाहीत. त्या वारांचं काय करायचं, यावर दलाल म्हणाले, ते टेबलवर बघू.

निघताना कन्सल्टंटने हात मिळवला आणि इंग्रजीत सांगितलं, की एक गंभीर ग्राहक उद्या सकाळी येणार आहेत. अलिबागचे. अकरा वाजता.

मला या पार्टीबद्दल आता आदर वाटू लागला आहे. हा माणूस कोण असेल? माझा तर्क असा, की तो एकच आहे. गोरेगावातले सगळे फ्लॅट उद्या सकाळी अकराला बघायला येणारा तोच; आमच्या वडिलांनी ज्याच्या भीतीने १९८०च्या सुमाराला घाईघाईत तळमजल्याची जागा घेतली तोही तोच. तेव्हा तो दादरहून येत असे, आता भाव वाढले म्हणून अलिबागला गेला. त्याच्या खिशात नेहमी रोख असते, त्याला कर्ज काढावं लागत नाही, बायकोला विचारावं लागत नाही, आणि तो कधीच, एकदाही, येत नाही. दलाल जागा विकत नाही, बोटही विकत नाही. तो हा माणूस विकतो. आपण पैसे देतो ते त्याच्याआधी पोहोचल्याचे. दलालाची दोन टक्के दलाली महाग आहे असं मी म्हणणार नाही. एवढा विश्वासू शत्रू दुसरीकडे या भावात मिळत नाही.

शेवटी वेस्ट. दलाल म्हणाले, लाकडाची, खरीखुरी, कोळ्यांची बोट आहे, मढच्या बाजूला भाटीला. मालाड स्टेशनवरून २७१ नंबरची बस पकडली. गोरेगावच्या दलालाने मालाडच्या दलालाला घेतलं, मालाडच्याने मार्व्याच्या एका भाच्याला घेतलं, भाच्याने बंदरावरच्या एका मामाला हाक मारली. खाडीपाशी पोहोचलो तेव्हा आमची वरात झाली होती. प्रत्येक माणूस दुसऱ्याला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलत होता आणि आम्हा दोघांशी सोडून सगळ्यांचं सगळ्यांशी बोलणं चाललं होतं.

बोट चिखलात बसलेली होती. ओहोटी होती. "पाणी आलं की बघा कशी उभी राहते," मामा म्हणाला. आम्ही पाणी आल्यावर गेलो, तेव्हा बोट नव्हती. पाणी आलं म्हणून ती मासेमारीला गेली होती. या व्यवहाराची मेख इथे आहे. फ्लॅट निदान जागेवर असतो. बोट जेव्हा दिसते तेव्हा तरंगत नाही आणि तरंगते तेव्हा दिसत नाही. पावसाळ्यात बघू म्हणावं तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. त्या दिवसांत पैशांची गरज असते म्हणून कुणी विकायला काढतो खरा, पण पाण्यात उतरवून दाखवा म्हटलं तर नारळी पौर्णिमेनंतर या म्हणतो. आणि नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू झालेला असतो, मग कोण विकतो?

तरी एका दुपारी बोट, पाणी आणि नाखवा असे तिघे एकाच वेळी सापडले. दलाल आता तयारीने आले होते. त्यांनी भावजींना सांगितलं, की अस्सल सागवान आहे, सागवानाला शंभर-दोनशे वर्षं काही होत नाही. हे खोटं नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. दलालांनी मोबाइलवर त्याचा फोटोही दाखवला. भावजी हळवे झाले. मी मात्र समोरच्या बोटीच्या फळीला नख लावून पाहिलं. नख आत गेलं.

"ते सागवान नाय," नाखवा शांतपणे म्हणाला. "ती फळी मागं बदलली. बाकीची हाय."

दलाल दचकले. विकणारा खरं बोलतो, हा प्रसंग परीक्षेच्या अभ्यासक्रमात नसावा.

नाखव्याशी झालेला व्यवहार मला सविस्तर सांगायला हवा, कारण विक्रेत्यांत हा प्रकार सर्वांत अवघड. दारूखानेवाल्याला विकायचं होतं, सेटवाल्याला विकायचं होतं, पांढऱ्या बुटांना तर फारच विकायचं होतं. विकू बघणाऱ्याशी झुंजता येतं. पण ज्याची वस्तू विकायला निघाली आहे आणि ज्याला ती विकायची नाही, त्याच्याशी काय करणार? त्याने किंमत सांगितलीच नाही. त्याने भावजींची मुलाखत घेतली.

"पोहता येतं?"

"वेंगुर्ल्याच्या विहिरीत शिकलोय."

"इहिरीत लाटा असतान? तांडेल कोन तुमचा?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"कुठं नेनार?"

"गणपतीला. गावाला."

"गणपतीला दर्या कसा असतो म्हाईत हाय का?"

प्रत्येक उत्तरानंतर नाखवा थोडा वेळ गप्प बसे, आणि त्या गप्पेत किंमत वाढत असल्याचं आम्हा सर्वांना जाणवे. मग तो बोटीबद्दल बोलू लागला. इंजिन आधी कुठलं होतं, कुठल्या वादळात ती कशी परत आली, फळ्यांमधल्या फटींत कापूस ठोकायला कोण चांगला कारागीर होता आणि आता तसा कोण उरला नाही. डिझेलवरच्या कराचा परतावा संस्थेकडून किती यायचा राहिलाय. हे ऐकताना भावजी मान डोलावत होते आणि दलाल घड्याळ बघत होते, कारण जुन्या आठवणींवर दोन टक्के लागत नाहीत.

"पेपर क्लिअर आहेत ना?" भावजींतला बँकवाला मधूनच जागा झाला.

पेपर हा सोपा विषय नाही. मासेमारीची बोट मत्स्यव्यवसाय खात्याकडे, हौसेची सागरी मंडळाकडे. त्यात नोव्हेंबर २००८ मध्ये 'कुबेर' नावाचा गुजरातचा ट्रॉलर पळवून अतिरेकी मुंबईत आले, तेव्हापासून बोटीवर कोण, नंबर काय, कार्ड कुठे, हे समुद्रात अडवून विचारतात, आणि ते योग्यच आहे. नाखव्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत होते. बोट त्याच्या वडिलांच्या नावावर होती. वडील वारून बरीच वर्षं झालेली. तीन भाऊ, एकाने सही दिलेली नाही.

"नालासोपाऱ्याला असतो का?" मी विचारलं.

"तुला कसं म्हाईत?" नाखवा चकित झाला.

इतक्यात नाखवीण आली. कोळीवाड्यात मासा पुरुष पकडतो आणि पैसा बाई पकडते, ही जुनी वाटणी आहे. ती आली तेव्हा नाखव्याने बोलणं थांबवलं, दलालांनी वही सावरली आणि मामा, भाचा वगैरे साखळी चिखलात दोन पावलं मागे सरली. तिने भावजींकडे निरखून पाहिलं.

"ह्ये तेच ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "गोरेगावच्या बाजारात येतान. पापलेटाचं कल्लं उघडून बघतान, पोट दाबून बघतान, भाव करतान, आन पावशेर बोंबील घेऊन जातान."

भावजींचा चेहरा पडला. गोरेगावात त्यांचा नावलौकिक होता तो घासाघीस करण्याबद्दल, आणि तो असा खाडीवर उघडा पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी बाजू सावरायला म्हणून किंमत विचारली. तिने एक आकडा सांगितला. भावजींनी सवयीने निम्मा करून सांगितला. तिने मूळ आकड्यात भर घालून सांगितला.

"असं कसं? वाढवता कशा?"

"मगाशी तुमी भाव केला नव्हता."

पापलेटाच्या टोपलीपुढे भावजी दोन पावलं जाऊन परत वळतात, हा त्यांचा हुकमी डाव. तो त्यांनी टाकला. ते चिखलातून चालू लागले. चार पावलांवर त्यांची चप्पल रुतली. मागून कुणी हाक मारली नाही. वळून पाहिलं तर नाखवीण दलालांना विचारत होती, "हे ऱ्हातान कुठं? जागा सोताची हाय?"

दलाल म्हणाले, स्वतःची आहे, शिवाय जवाहर नगरात एक बंद आहे, वन बीएचके, बोटीच्या पैशांसाठी विकायचा विचार चाललाय. हा विचार भावजींनी फक्त ताईशी, तोही रात्री, हळू आवाजात बोललेला. दलालांना तो कसा कळला हे मी विचारणार नाही. खाडीला भरतीची वेळ सांगावी लागते का?

नाखव्याच्या मुलाचं लग्न ठरत होतं. मुलगी म्हणत होती, घर गोरेगावला हवं, स्टेशनजवळ. बोट विकायला निघाली होती ती त्यासाठीच. हे ऐकताच आमच्या दलालांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी फ्लॅटच्या एकाही सौद्यात पाहिलेलं नाही. बोट ते फ्लॅट, फ्लॅट ते बोट, दोन विकणारे, दोन घेणारे, आणि ही चारही माणसं म्हणजे दोनच घरं. ते ओठांतल्या ओठांत टक्केवारी मोजत होते. मालाडच्या दलालाला, भाच्याला आणि मामाला त्यांनी तिथल्या तिथे चहा पाजून वाटेला लावलं.

रविवारी नाखवा, नाखवीण आणि मुलगा जवाहर नगरची जागा बघायला आले. मी आणि ताई आधीच जाऊन खिडक्या उघडून बसलो होतो. भावजींनी शर्ट इस्त्रीचा घातला होता. कुलूप निघाल्याबरोबर जो माणूस आमच्यासमोर उभा राहिला त्याला मी ओळखत नव्हतो. "स्टेशन इथून पाच मिनिटं," भावजी म्हणाले. ताईने त्यांच्याकडे चमकून पाहिलं. "आमच्या आईने फार जपून वापरली जागा. एकटीच होती. वापर असा नाहीच." हॉलच्या कोपऱ्यात ओलीचा एक डाग आहे, त्याच्यासमोर ते गाद्यांची गुंडाळी घेऊन उभे राहिले आणि तिथून हलेनात. किंमत विचारली तेव्हा ते खिडकीबाहेर, वडाच्या झाडाकडे बघू लागले. कागदांचं विचारलं तेव्हा म्हणाले, क्लिअर आहेत, बहिणीची फक्त एक सही राहिलीय.

नाखवीण काही बोलली नाही. ती सरळ भावजींपाशी गेली, गादी बाजूला केली आणि कोपऱ्यातल्या भिंतीवर अंगठा दाबला. मग दुसरीकडे दाबला. मग वाकून खालचं प्लास्टर नखाने उचकटून आतला रंग पाहिला. सगळं कसं नीट, सवयीच्या हाताने.

"शिळी हाय," ती म्हणाली आणि तिने किंमत निम्मी करून सांगितली.

भावजींच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता ते खरं बोलतील. त्यांनी आवंढा गिळला. "परवडत नसेल तर राहू द्या," ते म्हणाले. "अलिबागची एक पार्टी उद्या सकाळी अकराला येतेय."

"मंग त्यांना द्या," असं म्हणून नाखवीण दाराकडे वळली. मागून नाखवा, मागून मुलगा. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून पहिल्या मजल्यापर्यंत खाली गेला, आणि भावजी अनवाणी त्यांच्यामागे धावले.

"अहो, थांबा! असं काय करता? वर या, बसून बोलू. टेबलवर बघू ना!"

"टेबल कुठं हाय?" खालून आवाज आला. ताईने खोलीत सगळीकडे पाहिलं. टेबल नव्हतं.